शब्बाथची चांदी: धुवायची कशी, पुसायची कशी, ठेवायची कशी

पेसाह या ज्यू सणाच्या आधीच्या आठवड्यात घरातली शब्बाथची (शनिवारच्या विश्रांतीच्या दिवसाची) आणि सणांची सगळी चांदी एकदम बाहेर निघते. किद्दूशचे (द्राक्षरसावर म्हणायच्या प्रार्थनेचे) पेले, शमादानं, बेसामीमची म्हणजे सुगंधी मसाल्यांची डबी, दारावरून उतरवलेली मेझुझाची (प्रार्थनेच्या चर्मपत्राची) नळी, सगळं एकाच टबात. तळाला अ‍ॅल्युमिनियम फॉइल, वरून सोडा, मग उकळतं पाणी. दहा मिनिटांत काळेपणा जातो आणि काम उरकल्यासारखं वाटतं. पुढच्या काही आठवड्यांत शमादानाच्या बुडातून पांढरट पाणी झिरपायला लागतं, डबीच्या तारकामाची चमक मरते आणि पेला पूर्वीपेक्षा लवकर काळा पडतो.

ही क्रमाची चूक आहे. काय धुवायचं, काय नुसतं पुसायचं आणि कशाला पाणी लावायचंच नाही, हे टब भरण्याआधी ठरायला हवं.

स्टर्लिंग म्हणजे ९२.५ टक्के चांदी, बाकी बहुतेक तांबं. हवेतल्या गंधकाशी संयोग होऊन चांदीवर सल्फाइडचा थर बसतो, तोच काळेपणा. तो आधी पिवळसर दिसतो, मग तपकिरी, मग निळा-जांभळा, शेवटी काळा. दिसायला वाईट असला तरी तो धातू खात नाही. धातूला खरा त्रास मिठाचा, फटीत राहिलेल्या पाण्याचा आणि पॉलिशचा. पॉलिश करताना फडक्यावर जे काळं येतं त्यात तुमची चांदी असते. म्हणून धुणं दर आठवड्याला आणि पॉलिश वर्षातून फार तर एकदा, हा नियम धरून चाला.

टप्पा १: वस्तू ओळखा

उजेडात बसा, भिंग घ्या आणि बुडाचे, कडेचे शिक्के वाचा.

९२५ असेल तर स्टर्लिंग. इंग्लंडमध्ये घडलेल्या वस्तूवर चालत्या सिंहाचा शिक्का असतो, तोही स्टर्लिंगचाच. जर्मन वस्तूंवर ८०० आणि जुन्या रशियन वस्तूंवर ८४ दिसतं. हे ८४ म्हणजे ९६ पैकी ८४ भाग, हजारी मोजणीत ८७५. या दोन्हींत तांबं जास्त असल्यामुळे त्या लवकर काळवंडतात, पण निगा तीच. ई.पी.एन.एस. ही अक्षरं असतील तर आत मिश्रधातू आणि वर चांदीचा नुसता मुलामा आहे. अशी वस्तू धुवा, पण घासू नका.

मग या पाच गोष्टी तपासा.

१. पेल्याच्या आत सोनेरी रंग आहे का? तो सोन्याचा मुलामा, द्राक्षरसाच्या आंबटापासून चांदी वाचावी म्हणून दिलेला. त्याला पॉलिश कधीच लावायचं नाही.

२. शमादान आकाराच्या मानाने जड आहे का? बुडाला फेल्ट किंवा पत्र्याची चकती आहे का? मग ते भरीव चांदीचं नाही. पातळ पत्र्याच्या आत राळ, प्लास्टर किंवा सिमेंट भरलेलं आहे. गरम पाण्याने राळ मऊ होते आणि प्लास्टर पाणी धरून ठेवतं.

३. नक्षीच्या खोलगट भागातला काळा रंग मुद्दाम दिलेला आहे का? सगळीकडे सारखा आणि फक्त खोलातच असेल तर तो कारागिराचा आहे. त्याला हात लावू नका.

४. पृष्ठभागावर पिवळट, चकचकीत पापुद्रा आहे का? ते लॅकर. लॅकर असताना पॉलिश केलं तर डाग पडल्यासारखं दिसतं आणि माणूस आणखी जोरात घासत बसतो.

५. खडे, मीनाकारी, लाकडी मूठ, डिंकाने चिकटवलेला भाग आहे का?

तपासणी: प्रत्येक वस्तू ‘धुवायची’, ‘ओल्या फडक्याने पुसायची’ किंवा ‘फक्त कोरडी झटकायची’ यांपैकी एका गटात पडली पाहिजे. शंका असेल तर एक पायरी सौम्य गट धरा.

टप्पा २: सामान जमवा

प्लास्टिकचं घमेलं आणि तळाला घालायला टॉवेल. स्टीलच्या सिंकमध्ये थेट धुतलेला पेला हातातून निसटला की कडेला पोचा ठरलेला. भांड्यांचं सौम्य लिक्विड घ्या, पण लिंबूवालं किंवा ब्लीचवालं नको. शिवाय बाळाचा मऊ टूथब्रश, रंगकामाचा मऊ कुंचला, कानातल्या कापसाच्या काड्या, बांबूची काडी, पुष्कळ धुतलेली मलमल आणि डिस्टिल्ड वॉटर. इस्रायलमध्ये लोद, अश्दोद, बीरशेबाकडे राहणाऱ्यांनी नळाचं पाणी जड असेल तर शेवटचं खळबळणं डिस्टिल्ड पाण्यानेच करावं, जड पाण्याचे पांढरे ठिपके चांदीवर लगेच उठतात.

हातमोजे नायट्राइलचे किंवा सुती. घरातले पिवळे रबरी मोजे चालणार नाहीत, रबरात गंधक असतं आणि बोटांचे ठसे काळे उमटतात.

हे बाजूला ठेवा: रांगोळी, राख, दंतमंजन, टूथपेस्ट, चिंच, लिंबू, तांब्या-पितळेची पावडर, घासणी. रांगोळी म्हणजे दळलेला दगड, चांदीपेक्षा कितीतरी कठीण. टूथपेस्ट दाताच्या कवचासाठी केलेली असते आणि चांदी त्याहून मऊ. चिंच-लिंबाचं आंबट मिश्रणातलं तांबं ओढून घेतं, मग पृष्ठभाग पांढुरका आणि सच्छिद्र होतो. फळ्यावरचा खडूही नको. तो बऱ्याचदा जिप्समचा असतो आणि त्यात खर असते. रिठ्याचं पाणी सौम्य आहे, ते वापरायचंच असेल तर दुहेरी मलमलीतून गाळून घ्या.

टप्पा ३: सुटं करा, मेण आणि तेल काढा

मेझुझाच्या नळीतलं चर्मपत्र सर्वात आधी काढा, स्वच्छ सुती कापडात गुंडाळा आणि पाण्याच्या खोलीबाहेर ठेवा. चर्मपत्र सात वर्षांत दोनदा तपासून घ्यायची रीत आहे, नळी धुण्याचं काम त्याच वेळी काढलं तर दार पुन्हापुन्हा मोकळं ठेवावं लागत नाही. पुन्हा लावताना बेराखा (आशीर्वादाची प्रार्थना) म्हणायची का, हे हझानला, म्हणजे सिनेगॉगमध्ये प्रार्थना चालवणाऱ्याला विचारा.

बेसामीमच्या डबीतल्या लवंगा काढून टाका. हनुक्किया म्हणजे हनुक्का सणाची दिव्यांची समई, तिच्यातले काचेचे पेले काढा. रिमोनिमच्या, म्हणजे तोरा या धर्मग्रंथाच्या दांड्यांवरच्या चांदीच्या कळसांच्या, घंट्या काढू नका, त्यांच्या कड्या जुन्या असतात आणि वाकवल्या की तुटतात.

मेण सुरीने खरवडायचं नाही. हेअर ड्रायर मंद ठेवून वीतभर अंतरावरून फिरवा, मेण मऊ झालं की बोटाने किंवा बांबूच्या काडीने उचला. उरलेला तेलकट थर आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या कापसाने पुसा. लॅकरवर मात्र अल्कोहोल नको. शमादान फ्रीजरमध्ये ठेवायचा सल्ला सर्रास दिला जातो. भरलेल्या बुडाचं शमादान असेल तर तो घातक आहे, थंडीने पत्रा आणि आतलं सिमेंट सारख्या प्रमाणात आकसत नाहीत आणि जोड उकलतो.

सावधान: अल्कोहोल वापरताना जवळ ज्योत नको. खिडकी उघडी ठेवा.

टप्पा ४: धुणं

आधी कोरड्या कुंचल्याने धूळ झटका. धुळीत वाळूचा कण असतो, आणि ओल्या फडक्याखाली तोच कण चांदीवर रेघ ओढतो.

१. घमेल्यात दोन लिटर कोमट पाणी, हाताला सुखद वाटेल इतकंच. त्यात लिक्विडचे पाच-सहा थेंब पुरेत. फेस जास्त झाला तर नक्षीतून निघत नाही.

२. एका वेळी एकच वस्तू. दोन पेले एकमेकांवर आपटले तर दोघांनाही पोचे.

३. पेला वाटीला धरून धुवा, देठाला धरून नाही. वाटी आणि देठ यांचा जोड हा पेल्याचा सर्वात कच्चा भाग. पिळा पडला की तो हलायला लागतो.

४. कोरलेल्या अक्षरांत ब्रश हलका, अक्षराच्या दिशेने फिरवा.

५. साध्या पाण्याने दोनदा आणि डिस्टिल्ड पाण्याने एकदा खळबळा.

ज्यांचा गट ‘पुसायची’ आहे, त्यांना याच पाण्यात भिजवून घट्ट पिळलेलं फडकं, मग साध्या पाण्याचं फडकं, लगेच कोरडं.

टप्पा ५: कोरडं करणं

हाच टप्पा सर्वात जास्त वगळला जातो. मलमलीने टिपा, रगडू नका. पेल्याच्या पायाखालची पोकळी, कडेचा वळवलेला काठ, बिजागरी आणि तारकाम यांत पाणी राहतंच. पेला अर्धा तास उलटा आणि मग अर्धा तास सुलटा ठेवा. पावसाळ्यात कोकणात, मुंबईत ड्रायरची मंद हवा पाच मिनिटं द्या. ऊन नको, लॅकर आणि डिंक दोन्ही बिघडतात.

तपासणी: टिश्यू पेपरची बारीक वात करून जोडात, बिजागरीत घाला. ओली निघाली तर वस्तू अजून कपाटात जायची नाही. वातीवर हिरवट रंग आला तर तांबं गंजतंय, म्हणजे पाणी बऱ्याच दिवसांपासून तिथे राहतंय.

टप्पा ६: पॉलिश, गरज असेल तरच

धुतल्यावर पुन्हा बघा. नुसता पिवळसरपणा असेल तर चांदीसाठीचं औषध लावलेलं कापड दोन-तीनदा फिरवा आणि थांबा. तपकिरी किंवा काळा थर असेल तरच पुढचं करा.

औषधाच्या घाऊक दुकानात किंवा रसायनांच्या दुकानात प्रेसिपिटेटेड कॅल्शियम कार्बोनेट मिळतं, पिठासारखं मऊ. दोन चमचे भुकटीत एक चमचा डिस्टिल्ड पाणी घालून सायीसारखं करा. तयार क्रीम घ्यायचं तर चांदीसाठीचं आणि पाण्याने निघणारं.

१. बुडाखाली, दिसणार नाही अशा जागी नखाएवढ्या भागावर करून बघा. लालसर किंवा पिवळा धातू डोकावला तर तो मुलामा आहे, थांबा.

२. वस्तू मांडीवर टॉवेल घेऊन त्यावर ठेवा. ज्या भागावर काम करताय त्याला मागून दुसऱ्या हाताचा आधार द्या.

३. कापसाच्या बोळ्यावर वाटाण्याएवढी लगदी. सरळ रेषेत, पुढे-मागे, जोर न देता. गोल गोल फिरवलं की ओरखडे वेगवेगळ्या दिशांनी चमकतात आणि पृष्ठभाग धुरकट दिसतो.

४. बोळा काळा झाला की टाका. त्याच बोळ्याने पुढे घासणं म्हणजे काढलेली घाण परत घासणं.

५. नक्षीच्या खोलात काळेपणा राहू द्या. त्याच्यामुळेच पानं, द्राक्षांचे घोस आणि अक्षरं उठून दिसतात.

६. लगदी वाळायच्या आत धुवा आणि टप्पा ५ पुन्हा पूर्ण करा.

अक्षरांकडे इथे नीट बघा. हिब्रूतल्या दालेत या अक्षराच्या पाठीमागे वरच्या कोपऱ्यात छोटासा कोना बाहेर आलेला असतो. रेश या अक्षरात तो नसतो, तिथे नुसती गोलाई. पिढ्यान्‌पिढ्या दर सणाला घासलेल्या पेल्यावर हा कोना आधी झिजतो आणि दालेतचं रेश होतं. मग बेराखेतला शब्द आणि देणाऱ्याचं नाव, दोन्ही चुकीचं वाचलं जातं. अक्षरांवर कापसाचा बोळा न फिरवता कापसाची काडी वापरा, तीही अक्षरांच्या मधल्या सपाट जागेवर. रेघांमध्ये जुनं पॉलिश पांढरं होऊन बसलं असेल तर दहा मिनिटं पाण्याचा ओला कापूस ठेवा आणि बाळाच्या ब्रशने काढा. टाचणी नको.

दोन प्रकारचे डाग पॉलिशने जात नाहीत. एक, पृष्ठभागाखालून दिसणारी जांभळट-राखाडी छटा. घडवताना आगीत तांब्याचं ऑक्साइड झालेलं असतं, ते धातूच्या आतच आहे. दुसरा, मिठाने पडलेला करडा, खरबरीत डाग. दोन वेळा करूनही फरक नसेल तर घासणं थांबवा. मिठाचा डाग चांदीच्या संवर्धनाचं काम करणाऱ्यालाच दाखवा.

सावधान: फॉइल-सोड्याची अंघोळ आणि बाटलीतलं झटपट डिप, दोन्ही खोलातला काळा रंग खेचून घेतात आणि पृष्ठभाग निस्तेज करतात. पोकळ वस्तूत ते शिरलं की पूर्ण बाहेर येत नाही. सराफाकडे वस्तू दिलीत तर ‘बफिंग मशीनवर लावू नका’ हे स्पष्ट सांगा. फिरत्या चाकावर अक्षरांच्या कडा मिनिटाभरात गोल होतात.

टप्पा ७: वस्तूप्रमाणे निगा

किद्दूशचा पेला. द्राक्षरस असो की काळ्या मनुकांचा शरबत, दोन्हींत आंबट आणि साखर. रात्रभर तळाला राहिलेला शरबत चिकट गोल डाग सोडतो. शब्बाथच्या सकाळी तोच पेला पुन्हा लागणार असतो, म्हणून शुक्रवारी रात्रीच नुसत्या गार पाण्याने खळबळून फडक्याने कोरडा करा. साबणाचं धुणं शनिवारी हब्दालानंतर, म्हणजे शब्बाथ संपवणाऱ्या विधीनंतर. वर्षातलं पॉलिश करायचं झालं तर ते गुरुवारी, शुक्रवारची घाई नको. टेबलावर भाकरीसोबत मीठ असतं, तिथलाच खडा पेल्याच्या पायाखाली जातो आणि ओलाव्यात आठवड्याभरात खळी पाडू शकतो. पेला बशीवर ठेवा, उचलला की पायाखालून बोट फिरवा. चांदीच्या मिठाच्या वाटीत काचेची आतली वाटी नसेल तर ती वाटी मिठासाठी वापरूच नका.

शमादान. मेणबत्तीच्या खाचेत काचेची किंवा धातूची छोटी बशी बसवा. मेण तिच्यात पडतं, चांदीवर नाही.

हनुक्किया. ऑलिव्हचं असो वा खोबरेल, तेल थेट चांदीच्या वाटीत ओतू नका, काचेचे पेले बसवा. तापलेलं तेल वार्निशासारखं घट्ट होतं आणि मग ते काढायला घासावं लागतं. आठव्या रात्रीनंतर उरलेलं तेल आणि वाती रीतीप्रमाणे जाळून टाका, मगच धुवायला घ्या.

सेडरचं (पेसाहच्या रात्रीच्या विधीच्या जेवणाचं) ताट. अंड्यात गंधक असतं, ते टेकेल तिथे तासाभरात तपकिरी डाग पडतो. मिठाचं पाणी त्याहून वाईट. प्रत्येक पदार्थाला काचेची वाटी द्या आणि ताट त्याच रात्री ओल्या फडक्याने पुसून कोरडं करा.

पेसाहसाठी पेल्याची हगाला (उकळत्या पाण्याने शुद्धी) करायची असेल तर क्रम असा: धुणं, पॉलिश, पुन्हा धुणं, २४ तास न वापरता ठेवणं, मग स्टीलच्या पातेल्यातलं उकळतं पाणी आणि शेवटी गार पाणी. पॉलिश नंतर ठेवलं तर केलेलं वाया जातं. राळ भरलेला किंवा चिकटवलेला पेला उकळत्या पाण्यात घालू नका, हझानला आधी दाखवा.

बेसामीमची डबी. लवंगेचं तेल तारकामात चिकटतं आणि त्यावर धूळ बसते. कोमट साबणाच्या पाण्यात ब्रश बुडवून बाहेरून आत टोचल्यासारखा चालवा. तारकामावर लगदी कधीही नको, ती तारांमधून निघत नाही.

एत्रोगची (सुक्कोथ सणातल्या लिंबासारख्या फळाची) डबी. फळाच्या सालीचं तेल आणि आंबट रस चांदीला लागू नये म्हणून आत कापसाची किंवा तागाची गादी. सुक्कोथ संपला की त्याच दिवशी गादी काढा.

तोराचे अलंकार. याद (वाचताना ओळ दाखवायची काडी), रिमोनिम, मुकुट. हे काम शमाशच्या (सिनेगॉगच्या सेवकाच्या) देखरेखीखाली, हेखालापासून (तोरा ठेवायच्या कपाटापासून) लांब, स्वच्छ पांढऱ्या कापडावर. सेफेरवर, म्हणजे तोराच्या गुंडाळीवर, अलंकार चढवलेले असताना फडकंसुद्धा फिरवू नका. यादच्या टोकाला राहिलेली पॉलिशची भुकटी चर्मपत्रावर पडते आणि शाईला लागते. म्हणून याद धुऊन पूर्ण कोरडी करा आणि परत देण्याआधी पांढऱ्या कागदावर टोक टेकवून बघा, करडा ठिपका उमटला तर पुन्हा धुवा.

रिमोनिम पोकळ असतात आणि त्यांचे थर एकावर एक बसवलेले असतात. ते पाण्यात बुडवले की आतल्या नळीत पाणी राहतं, तेच लाकडी दांड्यावर उतरतं आणि दांडा फुगतो. काही घंट्यांच्या लोलकाला लोखंड असतं, तो गंजला की तांबूस ओघळ खालच्या थरावर येतो. रिमोनिम फक्त पिळलेल्या फडक्याने पुसा. आतली नळी काडीला गुंडाळलेल्या कोरड्या मलमलीने साफ करा. प्रत्येक घंटी दोन बोटांत हलकेच धरून कडी झिजली आहे का ते बघा. झिजली असेल तर दोऱ्याने तात्पुरती बांधा आणि कारागिराला द्या.

लाकडी तीक (तोराची पेटी) चांदीच्या पत्र्याने मढवलेली असेल तर तिला द्रव काहीच लावायचं नाही. पत्रा खिळ्यांनी बसवलेला असतो, आणि खाली लाकूड किंवा मखमल. कोरडा कुंचला आणि चांदीसाठीचं औषध लावलेलं कापड, बस्स.

टप्पा ८: ठेवणं

वस्तू आम्लरहित टिश्यूत गुंडाळा, मग झिप असलेल्या पॉलिथिनच्या पिशवीत घाला. पिशवीत सिलिका जेलची पुडी आणि काळेपणा रोखणारी पट्टी टाका, पण दोन्ही धातूला टेकू देऊ नका. पिशवीतली हवा दाबून काढा.

वर्तमानपत्र, लोकर, साधं फेल्ट, रबर बँड, स्वयंपाकाचं क्लिंग फिल्म आणि डांबरगोळ्या यांपैकी काहीही चांदीजवळ नको. रबर बँडचा काळा पट्टा टिश्यूच्या आरपार उमटतो. नव्या प्लायवूडच्या कपाटातून डिंकाचे वाफारे येतात, त्यापेक्षा रंगवलेलं स्टीलचं कपाट बरं. स्वयंपाकघराची भिंत टाळा.

सेफेरचे अलंकार दर शब्बाथला लागतात, त्यांना पिशवी जमत नाही. हेखालाच्या खणात चांदीसाठीच्या खास कापडाच्या थैल्या द्या आणि सिलिका जेल दर महिन्याला बदला.

तीन महिन्यांतून एकदा पिशवी न उघडता बाहेरून बघा. पट्टी काळी पडली असेल तर बदला. प्रत्येक पिशवीत पेन्सिलने लिहिलेली चिठ्ठी ठेवा: वस्तू कोणती, शिक्का काय, आत मुलामा किंवा राळ आहे का, आणि शेवटचं पॉलिश कोणत्या तारखेला झालं. पुढच्या पेसाहला पिशवी जो उघडेल, त्याने टब भरण्याआधी ती वाचायची.